थोरल्या दिरांची वाकडी काठी

६ ऑगस्ट

काठी पुन्हा वाकली!

सकाळभर सरळ होती. दुपारी थोरल्यांचा डावा हात खाली आणून काठीवर टेकवायला गेले — कॉम्प्युटरवर. प्रत्यक्षात त्यांच्या हाताला हात लावायची कोणाची छाती आहे! — तर हाताबरोबर काठीही फिरली ती मधोमध वाकून, मांडवावरच्या पडवळासारखी. मूठ कोपराशी, टोक पोटात.

कॉम्प्युटरवर मूर्ती घडवायच्या पायलच्या क्लासमध्ये शिकवतात ते असं: माणूस आधी बुजगावण्यासारखा हात पसरून ताठ उभा करायचा. नाक, डोळे, धोतराच्या निऱ्या, सगळं त्या अवस्थेत कोरायचं. मग शेवटी हातपाय वळवून त्याला ऐटीत उभं करायचं. ठीक. मांस वळतं, कापड वळतं. पण या प्रोग्रॅमला कातडी कोणती आणि बाभळीचं लाकूड कोणतं हे कळतच नाही. त्याच्या लेखी सगळी एकच माती. दंड वळवला की काठीही दंडासारखी वळणार!

पाचगणीला सिस्टर अ‍ॅग्नेस आमच्या पाठीला फूटपट्टी लावून आम्हाला उभं करायच्या. ही काठी त्यांनी पाहिली असती तर तिलाही वर्गाबाहेर काढलं असतं.

जिवंत माणसाचा पुतळा! आणि तो मी करतेय! हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झालेली बाई! डोकं दुखतंय. झोपते.

७ ऑगस्ट

काल रागाच्या भरात मूळ भानगड लिहिलीच नाही.

समीक्षाचं सिलेक्शन झालं. आर्मी ऑफिसर होण्यासाठी चेन्नईला ट्रेनिंग. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हजर व्हायचंय. थोरल्यांची नात, पण अकरावीपासून माझ्याकडे सांगलीत राहते. रोज पहाटे पळते, परत आल्यावर माझ्या वाट्याचीही केळी खाते. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. माझे यजमान उदयसिंह सुभेदार होते. तेव्हा मला वाटलं, पेढे वाटले जातील!

गावी जेवणाच्या पंगतीत पोरीनं पत्र वाचून दाखवलं. हिंदुराव आबा — हेच ते थोरले दीर, ऐंशी पूर्ण — पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाले, “पोरीच्या जातीनं बंदूक घिऊन मद्रासला जायाचं? न्हाई.”

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, “आक्का, सांगा त्यांना, बंदूक पोरीची जात विचारत नाही.”

आक्का म्हणजे आक्काताई, माझ्या थोरल्या जाऊबाई, आबांच्या मंडळी. हे असं त्यांच्यामार्फत बोलायचं कारण, आमच्या घरात धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही. चाळीसेक वर्षं झाली. पाच हातांवर बसलेल्या माणसाला मी आक्कांकरवी निरोप धाडते, आणि ते भिंतीकडे बघून मला उत्तर देतात. कॉन्व्हेंटमध्ये मी वादविवादात ढाली मिळवल्या होत्या. लग्नानंतर एक दरवाजा मिळाला आणि त्याच्याआड उभं राहणं.

आबा भिंतीला म्हणाले, “सांगा धाकल्या बाईस्नी, लय शिकल्यात न्हवं? पाणी संस्थेम्होरं माजा पुतळा उभा ऱ्हायाचाय. त्या कोल्हापूरच्या मूर्तिकारानं नमुना केला त्यात मी झोपल्यावानी दिसतोय. त्यांनी काम्पुटरवर गणपती केला हुता म्हनं. मग मला बी करून दावा म्हनावं. पुतळा ओताऱ्याकडं गेला, की पोरगी मद्रासला. माजा शब्द.”

सगळी पंगत हसली. धनाजी — समीक्षाचा बाप, आबांचा मुलगा, वय पन्नाशीपुढे आणि वडिलांसमोर अजून चड्डीतला — तोही हसला!

मी म्हटलं, “आक्का, सांगा त्यांना, कबूल.”

समीक्षाला म्हटलं, तू सज्ञान आहेस, बॅग भर आणि चालू लाग. तर म्हणते, “आबांनी तोंडानं ‘जा’ म्हटल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही, धाकट्या आजी.” हुकूम पाळणं ठीक आहे गं बाई, पण अजून भरती व्हायचीय तुझी!

८ ऑगस्ट

क्लासला गेले. विश्रामबागेत पायलचा क्लास; माझ्या निम्म्या वयाची बाई, तोंड मात्र माझ्यापेक्षा फटकळ. स्क्रीन पाहून म्हणाली, “मॅडम, दीर रबराचे झालेत तुमचे.”

मग शिकवलं. सरळ काठीची एक प्रत आधीच बाजूला ठेवून द्यायची. वाकलेली काढून टाकायची, सरळ आणून मुठीत बसवायची. आणि पुन्हा हात वळवायचा असेल तर काठी अख्खी एका गाठीत बांधायची, म्हणजे ती तळव्याला धरून एकसंध फिरते. थोडक्यात, काठीनं हातामागं जायचं, पण हातासारखं व्हायचं नाही. हे मला लग्नाच्या मांडवात कोणी सांगितलं असतं तर!

पायल म्हणाली, “तुम्ही बांधायला विसरता. घाई करता.”

मी विसरते! मी!

९ ऑगस्ट

नागपंचमी. पायल माहेरी शिराळ्याला. क्लास बंद. पुरणाची दिंडं केली, समीक्षानं सगळी खाल्ली.

१२ ऑगस्ट

झाला! थोरले उभे राहिले! डावा हात काठीवर, उजवा वर, बोट नदीकडे. मिश्या हुबेहूब. काठी अशी सरळ की तिच्यावरून रेघ मारावी. कपाळावरची ती आडवी आठीसुद्धा आली — मी भिंतीआडून बोलले की पडते ती.

आक्कांच्या फोनवर फोटो पाठवला. आबा फोन वापरत नाहीत, ऐकू कमी येतं. आक्का दाखवणार आणि कळवणार. तासाभरात फोन.

“अंजना, हे म्हणत्यात, झ्याक झालंय.”

मी समीक्षाला डोळा मारला.

“पर हे म्हणत्यात... मनगटावर घड्याळ पायजे.”

ठीक आहे. घड्याळ म्हणजे काय मोठंसं!

१५ ऑगस्ट

घड्याळ म्हणजे फार मोठं!

बुजगावण्याच्या अवस्थेतल्या सरळ हातावर घातलं. गोल, देखणं, काटे दहा वाजून दहा मिनिटांवर. हात वळवला तर घड्याळ मनगटावर भाकरीसारखं पसरलं. बांधायला विसरले होते. (पायलला सांगायचं नाही.)

मग शहाणपणा केला: हात वळलेलाच ठेवला आणि नवं घड्याळ वळलेल्या मनगटावर नेऊन बसवलं. आता ते मनगटातून अर्धं आत गेलं. कातडीतून फक्त चावी बाहेर. थोरल्यांनी घड्याळ गिळल्यासारखं!

समोरच्या मैदानात झेंडावंदन होऊन गेलं. मी खिडकीत उभं राहून सलाम केला आणि परत मनगट घेतलं.

१६ ऑगस्ट

बसलं घड्याळ. पाठवला फोटो.

२० ऑगस्ट

आक्कांचा फोन. घड्याळाबद्दल अवाक्षर नाही! आज बोट!

“हे म्हणत्यात, बोट कुणीकडं हाय त्ये एकदा बगा.”

नदीकडे आहे, म्हटलं. समीक्षानं गावच्या चौकाचा फोटो काढून आणला होता, त्यावर आम्ही पुतळा ठेवून पाहिला. संस्थेच्या दारात उभं राहिलं की नदी मागे येते. बोट बरोब्बर समोरच्या परमिट रूमच्या पाटीवर! ऐंशी वर्षांचा संस्थापक काठी टेकून गावाला दारूच्या दुकानाचा रस्ता दाखवतोय!

समीक्षा जमिनीवर बसून हसली. मला हसू आलं नाही. आलं, पण मी स्वयंपाकघरात जाऊन हसले.

तर आता कमरेपासून वळवायचे थोरले.

२३ ऑगस्ट

कमरेपासून वळवले. काठीचा वरचा भाग त्यांच्याबरोबर नदीकडे गेला, खालचा जिथल्या तिथे राहिला. चकली! बांधायला विसरले.

मग बांधली. आता काठी सरळ, पण जमिनीपासून वीतभर वर. थोरले काठी टेकत नाहीत, काठीला उचलून फिरवतायत.

पायलचा फोन आला, “मॅडम, जमतंय ना?” म्हटलं, उत्तम.

२८ ऑगस्ट

बोट नदीकडे. काठी जमिनीवर. घड्याळ मनगटावर. फोटो पाठवला.

“अंजना, हे म्हणत्यात, चष्म्याबिगर कसंतरीच दिसतंय गं.”

चष्मा! फक्त पेपर वाचताना लावतात, तोही उलटा धरलेला असतो की काय अशी मला शंका आहे. म्हटलं, “आक्का, त्यांना सांगा, नदी बघायला चष्मा लागत नाही.”

मग आक्का हळूच म्हणाल्या, “लावून टाक की. तुला काय जड हाय?”

आक्का कधी असं लाडीगोडीनं बोलत नाहीत. थोरले शेजारी बसून टोचत असणार. बिचारी बाई!

३० ऑगस्ट

मान डावीकडे वळलेली. चष्मा मानेबरोबर वळला. डावी काच डोळ्यावर, उजवी कपाळात, एक काडी कानात आणि दुसरी मिशीत. हेडमिस्ट्रेस असताना मी असा चष्मा फक्त एका मुलाच्या नाकावर पाहिला होता. तो सायकलवरून विहिरीत पडला होता.

आता नवीन पद्धत. सरळ चष्मा आणून आधी नाकाच्या दांडीवर टेकवायचा. मग एक कान. मग दुसरा. तीन जागा जुळल्या की बसला. चष्म्याला काही वाकवायचं नाही, वाकवायचं स्वतःला.

१ सप्टेंबर

समीक्षा गावाहून आली ती तोंड पाडून.

“आबा काय म्हणाले?”

“काही नाही.”

“समीक्षा!”

“म्हणाले, तुजी धाकली आजी अजून घोळतीयाच व्हय? इंग्रजीत हुशार हायत, पर ह्ये त्यास्नी हुईना असं दिसतंय.”

माझ्या हातातला चहा सांडला. मी घोळतेय! घड्याळ कोणी मागितलं? बोट कोणी फिरवलं? चष्मा कोणाचा? काम पुरं होऊ द्यायचं नाही, आणि वर “हुईना”! हा डाव आहे. शब्द दिलाय, तो मोडता येत नाही, म्हणून रोज एक वस्तू वाढवायची आणि पोरीची तारीख उलटू द्यायची. पाणी संस्थेच्या निवडणुकांत हेच केलं असणार आयुष्यभर.

आक्कांना फोन करून सुनावलं, “त्यांना सांगा, मी डाव ओळखलाय.”

आक्का म्हणाल्या, “सांगते गं.” आवाज एवढुसा.

७ सप्टेंबर

गणपती बसले. त्यांच्या हातातला परशू किती सरळ आहे!

११ सप्टेंबर

आज कहर. काठी नको!

“हे म्हणत्यात, काठीनं म्हातारं दिसतंय. त्यापरीस छत्री पायजे. मिटल्याली.”

ज्या काठीसाठी मी महिना घालवला, जिचं वाकणं, पिळणं, तरंगणं सगळं सोसलं, ती काढायची! आणि छत्री! मिटलेली छत्री म्हणजे बारीक काड्या, कापडाच्या घड्या, मूठ वाकडी — मूठ वाकडीच हवी, बाकी सरळ हवं, आणि प्रोग्रॅमनं बरोबर उलट केलं: मूठ सरळ, छत्री वाकडी. दुसऱ्या खेपेला छत्री मांडीतून आरपार. तिसऱ्या खेपेला उघडली! का उघडली, मला ठाऊक नाही. थोरले घड्याळ, चष्मा लावून, बोट नदीकडे करून, पोटातून उघडी छत्री निघालेले उभे होते.

पायल माझ्या खुर्चीमागे येऊन बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “मॅडम, हा पुतळा आहे का प्रवासी सामान?”

मी म्हटलं, “दीर आहेत.”

१४ सप्टेंबर

छत्री बसली. मी न रागावता बसवली. म्हणजे एकदाच रागावले.

१८ सप्टेंबर

पितृपंधरवडा लागला. आक्कांचा फोन, सकाळी सातला.

“ह्या पंधरवड्यात पुतळ्याला हात लावू नगंस अंजना. पुरा तर अजाबात करू नगंस.”

“हेही ते म्हणतात?”

“व्हय... हे म्हणत्यात.”

आबा आणि पंधरवडा! अमावस्येला मुहूर्तावाचून मोटार चालू करणारा माणूस! संस्थेची पहिली पाइपलाइन ऐन पंधरवड्यात पुरली होती, उदयसिंह हसत हसत सांगायचे. आणि पंधरवडा संपणार कधी? ऑक्टोबर उजाडल्यावर. पोरीची गाडी कधी? त्याच सुमाराला. काय हिशोब आहे माणसाचा! मानलं!

पुतळ्याला हात लावला. मुद्दाम लावला. चष्म्याच्या काडीला थोडी मुरड घातली.

२१ सप्टेंबर

नवी मागणी. खांद्याला पट्ट्यानं लटकलेली बॅटरी. “आपली ती तीन शेलची,” आक्का म्हणाल्या, “रातीच्या पाळीला पाणी पाजाय जायचे न्हवं, तवाची. तिचं बटन ढिलं हाय, म्हनून त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळल्यालं हाय. त्ये बी दावायचं म्हणत्यात.”

मी चिडायला तोंड उघडलं आणि क्षणभर थांबले. थोरल्यांना स्वतःच्या बॅटरीचं रबर आठवतं? ज्यांना नातीचा वाढदिवस आठवत नाही? मग पुन्हा चिडले.

बॅटरी केली. पत्र्याची, गोल, टणक. खांदा वर उचललेला म्हणून तीही वाकली, बाहेर आली ती केळं होऊन. पुन्हा सरळ आणली, पट्टा मऊ ठेवला, बॅटरी बांधली. हे आता मला झोपेतही येईल. पायल म्हणाली, “आता तुम्ही शिकवायला या क्लासला.” पहिल्यांदा काही बरं बोलली. नंतर म्हणाली, “फक्त बांधायचं विसरू नका.”

२४ सप्टेंबर

समीक्षा बॅग भरते आणि रिकामी करते. आज तिसऱ्यांदा. पांढरे बूट वर्तमानपत्रात गुंडाळले, मग काढून दाराशी ठेवले.

“होईल ना, धाकट्या आजी?”

मी म्हटलं, न व्हायला काय झालं! आवाज मोठा लागला. तिनं बूट पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळले.

ही पोर इथून गेली की पहाटे फाटकाची कडी वाजणार नाही. ते माझं मी बघेन. पण ती गेली नाही, आणि कडी वाजत राहिली, तर ते मला ऐकवणार नाही.

२६ सप्टेंबर

बॅटरीचा फोटो पाठवला. उत्तर: “हे म्हणत्यात, खिशाला पेन —”

मी फोन ठेवला. आक्कांवर फोन ठेवला! आयुष्यात पहिल्यांदा.

बस. उद्या लॅपटॉप घेऊन गावी. भिंतबिंत काही नाही. समोर बसवून विचारणार.

२७ सप्टेंबर

नीट क्रमानं लिहिते.

समीक्षाला घेऊन इस्लामपूरपर्यंत एसटी, पुढे धनाजीची गाडी. सगळ्या वाटेनं धनाजी विचारत होता, “काकी, आबांना काय बोलणार हाय तुमी?” मी म्हटलं, बोलणारच आहे, हीच बातमी आहे.

आबा सोप्यात खुर्चीवर. मी पदर सावरला, चप्पल काढली, आणि थेट त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग आजूबाजूला — मी कोणाशी बोलायला बसलेय ते शोधत!

“आबा,” मी म्हटलं. मोठ्यानं. ऐकू येत नाही म्हणूनही, आणि चाळीस वर्षांचं साठलेलं म्हणूनही. “तुम्हाला पेन हवं का?”

“कुनाला?”

“तुम्हाला! खिशाला पेन! घड्याळ दिलं, चष्मा दिला, काठी काढून छत्री दिली, बॅटरी दिली रबरासकट. आता पेन. त्यानंतर काय? नांगर?”

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग समीक्षाकडे. “ह्या काय म्हनत्यात गं? कसली छत्री?”

मी लॅपटॉप फिरवला. ते वाकून बघायला लागले. छत्रीवर बोट ठेवलं, बॅटरीवर ठेवलं. “आयला! ही माजी बॅटरी न्हवं?” मग एकदम, “आवं पर मी कवा मागितलं ह्ये? मला पयला फोटू दावला, त्यात काठी हुती. मी म्हनलो, झ्याक हाय, द्या धाडून ओताऱ्याकडं. तिथनं फुडं मला कुनी कायच दावलं न्हाई. म्या म्हनलं, धाकल्या बाईंचं काम रखाडलंय, कशाला लाजवायचं!”

दारात आक्का चहाचा ट्रे घेऊन उभ्या. कप एकमेकांवर किणकिणत होते.

मग आबांनी भिंतीकडे न बघता, सरळ माझ्याकडे बघून म्हटलं, “झालंया न्हवं काम? माजा शब्द म्हंजे शब्द.” आणि नातीला, “काय गं, बूट घेतलंस का? जा. आन् तिकडं मद्रासी जेवनानं वाळू नगंस.”

समीक्षा त्यांच्या पायाशी बसली आणि रडायला लागली. ऑफिसर!

मी आक्कांकडे पाहिलं. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि आत गेल्या. मी आत गेले नाही.

२८ सप्टेंबर

आक्कांचा फोन. उचलला नाही.

काल रात्रभर हेच डोक्यात. “हे म्हणत्यात, हे म्हणत्यात” — आणि ते बिचारे काहीच म्हणत नव्हते! नातीला अडवायचं होतं तर तोंडावर अडवायचं. मी भांडले असते, पण समोरासमोर. मी आल्या दिवसापासून ज्या एका बाईवर विसंबले, जिच्या तोंडून मी या घरात बोलले, तिनंच मधल्या मधे माझे शब्द खाल्ले आणि दुसरेच वाढले. आणि मी ढाली मिळवलेली! मला एकदाही थोरल्यांना विचारायचं सुचलं नाही. धाकटी सून ना मी!

२९ सप्टेंबर

पुन्हा फोन. नाही.

१ ऑक्टोबर

मिरज स्टेशन. पोर गेली. डब्याच्या दारात उभी राहून सलाम ठोकला, तोही चुकीच्या हातानं, कारण उजव्या हातात आक्कांनी दिलेला डबा होता. आबांनी उलट सलाम ठोकला. मग रुमालानं बराच वेळ मिश्या पुसल्या.

आक्का माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. “अंजना...” म्हणाल्या. मी गाडीचं वेळापत्रक वाचत राहिले.

घरी आले. फाईल नीट तपासली, सगळं सरळ आहे. परवा ओताऱ्याला धाडायची, तिच्यावरून तो साचा काढेल. संपलं एकदाचं.

३ ऑक्टोबर

सकाळी दार वाजलं. आक्का. एकट्या, एसटीनं, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. उंबऱ्यातच बसल्या.

“पोरीसाटी न्हवं गं. पोरगी जाईना का, चांगलंच हाय. पर पुतळा पुरा झाला की मानूस फार दिस ऱ्हात न्हाई, अंजना. आमच्या म्हायारी नाथाजीतात्यांचा आसाच जित्तेपनी उठिवला. पडदा काढला, आन् म्हैन्यात तात्या गेलं. ह्यास्नी सांगितलं तर हसत्यात. तुला सांगावं तर तू इंग्लिश शाळंतली. म्हनून म्हनलं, कायतरी ऱ्हाऊ दे अपुरं.”

वाद घालायला तोंड उघडलं होतं. मिटलं. चहा केला. दुपारी त्या झोपल्यावर लॅपटॉप उघडला, थोरल्यांच्या डाव्या पायातली चप्पल काढून टाकली, पाय तेवढाच खाली टेकवला, आणि फाईल पाठवली.

संध्याकाळी ओताऱ्याचा फोन, “बाई, एका पायातली चप्पल ऱ्हायलीया.”

म्हटलं, “राहू दे. काम अजून चालू आहे.”